हिवाळेकाकांची मोजणी

दिल्ली छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये शांताराम हिवाळे हे पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. हिंदी बोलणारी मंडळी त्यांना ‘बेंचवाले अंकल’ म्हणायची आणि आम्ही नगर-नाशिककडची कुटुंबं हिवाळेकाका. उद्योग भवनात अप्पर डिव्हिजन क्लार्क, राहायला नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि रविवारी अंगात बारा महिने तोच करडा कोट. जूनमध्येसुद्धा! माणसं पंख्याखालची जागा धरायला धडपडायची आणि हे वरचं बटण लावून दारात उभे.

काम काय, तर आलेल्याला जागेवर बसवणं. पगार नाही, मानधन नाही, नाव कुठे छापून येत नाही. त्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण एक आधीच सांगून ठेवते, मी या माणसावर नऊ वर्षं डूख धरून होते. तेव्हा मी कौतुक करतेय म्हणजे ते उगीच नाही.

मी विजयमाला साळवे, एका मंत्रालयात स्टेनो. माझी जीभ तिखट आहे असं ऑफिसात सगळे म्हणतात, पण तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्या आईची.

आमचं चर्च इंग्रजांनी गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं. बाकांच्या पाठीला अजून खाचा आहेत, सोल्जर प्रार्थनेला यायचे ते बंदुकीसकट, आणि बंदूक त्या खाचेत टेकवून ठेवायचे. काका त्या खाचांत म्हाताऱ्यांच्या काठ्या ठेवायचे. कुणाची काठी कुठल्या खाचेत, हे त्यांना पाठ. कुणाला कुठे बसवायचं हेही पाठ. तान्ह्या पोराची आई दाराजवळ, म्हणजे पोर रडलं तर पटकन बाहेर पडता येतं. ज्याला डाव्या कानाने ऐकू येतं त्याला उजव्या बाजूला. घरात काही बिनसलेलं असलं, की त्या बाईला उजवीकडच्या जाड खांबाजवळ, जिथे रडलं तरी कुणाला दिसत नाही. हे त्यांना कळायचं कसं? विचारत तर काहीच नसत. चेहऱ्याकडे एकदा बघायचे, प्रार्थनेचं पुस्तक पान उघडून हातात द्यायचे आणि पुढे चालू लागायचे.

आणि पंचवीस डिसेंबर! त्या दिवशी अर्धी दिल्ली चर्च बघायला लोटते. मुनिरक्यातून स्टुडंट यायचे, सरदारजींची कुटुंबं यायची, नवी लग्न झालेली जोडपी यायची. देवाचं घर म्हणून सगळी दारात चपला काढून ठेवायची. काका वाकून त्या चपला सरळ करत म्हणायचे, ‘पहन लीजिए बीबीजी, अंदर फर्श ठंडा है.’ एकदा साताऱ्याकडचा एक जवान आला, हिंदूच, कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथे मराठी माणसं भेटतात. काकांनी त्याला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं आणि कुठून कोण जाणे, मराठी गायनांचं पुस्तक आणून दिलं. तो पोरगा पुढे बदली होईपर्यंत दर रविवारी येत राहिला, नुसता बसायला. मी हे बाहेरून, उघड्या दारातून बघायची आणि मनातल्या मनात चरफडायची, कारण हा माणूस इतकं नीट वागतो हे कबूल करणं मला परवडणारं नव्हतं.

का, ते सांगते.

आमच्यात प्रभुभोजन असतं. पाद्रीसाहेब वेदीवर भाकरीसाठी प्रार्थना करतात, आणि मग एकेक जण पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतो आणि तळहातावर ती घेतो. भाकर म्हणजे रुपयाएवढी पातळ, पांढरी चकती. एकदा तिच्यावर प्रार्थना झाली की ती टाकायची नाही, डब्यात परत ठेवायची नाही, उरली तर पाद्रीसाहेबांनी तिथेच खायची. म्हणून घेणारे किती, हे आधी मोजून तेवढ्याच चकत्या ताटलीत काढतात. ही मोजणी काकांची. उपदेश संपत आला की ते पावलांचा आवाज न करता बाजूच्या वाटेने जायचे, नजरेनेच बाकं मोजायचे आणि पाद्रीसाहेबांना आकडा सांगायचे. आकडा कधी चुकायचा नाही. स्वतः ते सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे, आमच्याकडे दार सांभाळणाऱ्यांचा रिवाजच तसा आहे.

१९७८ च्या नाताळात तो आकडा चुकला.

माझे बाबा, बळवंत साळवे, लष्कराच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीवर बसवून आई आणि मी त्यांना नाताळाला घेऊन गेलो. गर्दी तोबा. खुर्ची वाटेत नको म्हणून मीच ती त्या जाड खांबामागे लावली. पाद्रीसाहेब तेव्हा दुसरे होते, फार म्हातारे. ते शेवटी ज्यांना चालवत नाही त्यांच्यापाशी ताटली घेऊन यायचे. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, तळवा वर केला. पाद्रीसाहेब आले, आणि ताटली रिकामी.

काका बाकं मोजायचे. बाबा बाकावर नव्हते.

पाद्रीसाहेबांना काय करावं सुचलं नाही. गायकांनी शेवटचं गाणं सुरूही केलं होतं. त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ते वळले. बाबांचा तळवा तसाच उघडा. बोलता येत नव्हतं त्यांना, नुसते त्या तळव्याकडे बघत राहिले. अठरा दिवसांनी ते गेले.

काका भेटायला घरी आले तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, ‘तुमच्या मोजणीत माझे बाबा माणूस नव्हते.’ ते टोपी हातात घेऊन जिना उतरले. मी शपथ घेतली, त्या दारातून पुन्हा आत पाऊल टाकणार नाही.

पण आईचं काय? तिचे गुडघे धरलेले, सरोजिनीनगरहून एकटी बसने कशी जाणार? म्हणून दर रविवारी मी तिला दारापर्यंत सोडायची आणि आवारातल्या कडुलिंबाखाली दगडी बाकावर पेपर उघडून बसायची. ऊन, थंडी, धुळीची वादळं, सगळं त्या लिंबाखाली काढलं. आई म्हणायची, ‘आतल्यांपेक्षा तुलाच जास्त ठाऊक असतं, कोण आलं, कोण गेलं. ये की आत.’ मी म्हणायची, ‘मला ऊन हवं, डॉक्टरने सांगितलंय.’ काहीही!

एक गोष्ट मात्र मला फार खटकायची. दर रविवारी, उपदेश संपायच्या सुमाराला, काका पोर्चमध्ये यायचे, लिंबाकडे बघायचे आणि आत जायचे. एक रविवार चुकायचा नाही. तळपायाची आग मस्तकात जायची माझी. काय बघतात? मी अजून रुसलेय की नाही ते? मी पेपर चेहऱ्यासमोर धरायची, एवढा जवळ की अक्षरंही दिसू नयेत.

अशी नऊ वर्षं गेली. १९८८ च्या मार्चअखेर काका रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं, सामान बांधायचं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी झेलम एक्सप्रेसने नगरला कायमचं परत. आईने हे सांगितलं तेव्हा मी ‘अच्छा’ म्हटलं आणि भाजी चिरत राहिले.

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार, सगळ्यांच्या हातात खजुरीची पानं असतात. आई एका हातात झावळी आणि दुसऱ्या हाताने कुणाचा तरी दंड धरून बाहेर आली, आणि रिक्षात बसल्यावर आठवलं, काठी आतच, खाचेत. आता आली का पंचाईत! मी आत तर जाणार नव्हते. म्हटलं, बाजूच्या व्हरांड्यातून कुणाला तरी हाक मारते. तिथे पाद्रीसाहेबांची कपडे बदलायची खोली आहे. दार अर्धं उघडं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता. ते सूर्यकांत पाटोळ्याला काम समजावत होते. सूर्यकांत टपाल खात्यात, वय पस्तीस, ईस्टरनंतर दार तो सांभाळणार होता.

‘सगळ्यात आधी चाकाची खुर्ची,’ काका म्हणत होते. ‘असली तर आधी ती. नसली तरी खांबामागे जाऊन बघून यायचं. मग बाकं. मग ऑर्गनवाली बाई, ती कुणाला आठवत नाही. आणि शेवटी दोन.’

‘दोन कोण?’

‘एक आपण स्वतः. आणि एक लिंबाखाली बसते ती. साळव्यांची विजयमाला.’

मी चटकन दाराआड झाले.

‘ती कुठे आत येते, काका?’ सूर्यकांत हसला.

‘दर रविवारी येते. नऊ वर्षांत चार रविवार चुकली असेल, तेही आईला ताप होता म्हणून. देवाच्या आवारात आलेला माणूस मोजायचा. आत बसला की बाहेर, हे बघणं आपलं काम नाही. ती ज्या दिवशी आत येईल त्या दिवशी ताटलीत तिची नाही, असं होता कामा नये.’

मग पाद्रीसाहेबांचा आवाज आला. हे नवे, रेव्हरंड मसीह, मूळचे पानिपतचे, भला माणूस पण शिस्तीचा. ‘हिवाळेजी, तीन साल से हर इतवार एक बच जाती है. मैं चुपचाप खा लेता हूँ, आपका लिहाज़ है. मुझसे पहले भी यही चलता था, मैंने सुना है. पर अब ईस्टर के बाद गिनती ठीक रखी जाए. जो अंदर है, बस वही.’

नऊ वर्षांत मी काकांना कुणाकडे काही मागताना बघितलं नव्हतं. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘मेरे जाने के बाद उसको गिनने वाला कोई नहीं रहेगा.’

‘वह आती नहीं है, हिवाळेजी.’

‘एक इतवार और है,’ काका म्हणाले.

मी काठी न घेताच परत आले. आईने विचारलं, ‘काठी?’ मी रिक्षावाल्यावर ओरडले, ‘चलो भैया, देख क्या रहे हो!’

आता मी लगेच विरघळले असं समजू नका. आधी रागच आला. मला मोजायचा अधिकार यांना दिला कुणी? मी कुणाच्या हिशेबात नाही, म्हणून तर बाहेर बसले होते! सोमवारी ऑफिसात दोन पत्रं चुकीची टाइप केली. मंगळवारी डोकं थोडं शांत झालं आणि मी हिशेब केला. नऊ वर्षं, म्हणजे साडेचारशेच्या वर रविवार. माझं एक वाक्य त्यांनी उराशी धरलं होतं आणि साडेचारशे वेळा त्याला उत्तर दिलं होतं, एकदाही मला न सांगता. ते पोर्चमध्ये यायचे ते मला मोजायला. आणि मी पेपर तोंडासमोर धरत होते! असा माणूस करड्या कोटात आपल्यासमोर दारात उभा असतो आणि आपण ऊन हवं म्हणून सबबी सांगतो. इतका धीर माणसात येतो कुठून? मला तर बसस्टॉपवर दहा मिनिटं थांबायला होत नाही.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, ‘ती उरलेली चकती पाद्रीसाहेब शेवटी तोंडात टाकतात, ते मी दर रविवारी बघत होते गं. तुझी आहे हे ठाऊक असतं तर कान धरून आत नेलं असतं.’

ईस्टरला सकाळी साडेसहाला उपासना. आईला दारापर्यंत सोडलं आणि माझे पाय सवयीने लिंबाकडे वळले. बाकावर बसलेसुद्धा. घंटा झाली. आत पहिलं गाणं सुरू झालं. उठायचं म्हणजे काय, नुसतं उठायचं, पण छातीत असं धडधडत होतं की पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही धडधडलं नसेल. मला बाबांचा तो तळवा दिसत होता. आत जाणं म्हणजे तो विसरणं, असं इतकी वर्षं मला वाटत आलं होतं.

शेवटी उठले. पेपर तिथेच टाकला.

दारात काका. मला वाटलं काहीतरी बोलतील, ‘आलीस का बाई शेवटी,’ असं काहीतरी, आणि ते तसं बोलले असते तर मी परत फिरले असते, माझा काही भरवसा नाही. ते म्हणाले, ‘ये.’ पुस्तक पान उघडून हातात दिलं आणि पुढे चालू लागले. मी मागे. उजवीकडे वळले. त्या जाड खांबाजवळ, जिथे बाबांची खुर्ची होती, तिथे आता एक छोटं बाक होतं. त्यांनी मला तिथे बसवलं. मी किती रडले ते कुणाला दिसलं नाही.

उपदेश संपत आला तसं मी बघितलं, काका सवयीने पोर्चकडे गेले. दाराच्या चौकटीतून त्यांची पाठ दिसत होती. रिकाम्या बाकाकडे आणि उडणाऱ्या पेपरकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग आत आले, बाकं मोजत वेदीकडे गेले. चेहरा नवरीच्या बापासारखा झाला होता, हसावं की रडावं ते कळत नव्हतं. पाद्रीसाहेबांच्या कानात आकडा सांगितला. शिस्तीच्या मसीहसाहेबांनी तेवढ्याच चकत्या ताटलीत काढल्या.

एकेका बाकाच्या टोकाला हात ठेवत काका माणसं पुढे सोडत होते. आई गेली, परत आली. सगळ्यांच्या शेवटी काका माझ्या बाकापाशी आले आणि त्यांनी हात ठेवला. कठड्यापाशी आम्ही तिघंच टेकलो, सूर्यकांत, मी आणि काका. पाद्रीसाहेबांनी सूर्यकांतला दिलं. मग माझ्या तळव्यावर ती चकती ठेवली. इतकी हलकी असते, हे मी विसरले होते. मी ती तोंडात घातली नाही, नुसती बघत राहिले.

पाद्रीसाहेब काकांपुढे सरकले आणि थांबले.

ताटली रिकामी होती.

काकांनी तळवा पुढे केलेला. त्यांनी ताटलीकडे बघितलं, पाद्रीसाहेबांकडे बघितलं, आणि मग हळूच मान खाली घातली. पाद्रीसाहेब गोंधळले. त्यांचा हात वर उचलला गेला, काकांच्या डोक्याकडे. तोच आशीर्वादाचा हात. मी तो ओळखला.

‘रुकिए,’ मी म्हणाले. कठड्यापाशी कुणी बोलत नाही, पण मी बोलले. तळव्यावरची चकती मी दोन बोटांनी धरली आणि मोडली. इतक्या शांततेत तिचा बारीक आवाज झाला. अर्धी मी काकांच्या हातावर ठेवली. पाद्रीसाहेब क्षणभर बघत राहिले, मग त्यांचा वर उचललेला हात खाली आला आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी नेहमीचे शब्द उच्चारले, ‘प्रभु येशु मसीह की देह.’ आम्ही दोघांनी ती बरोबरच खाल्ली.

नंतर पोर्चमध्ये माणसं एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होती. काका प्रत्येकाची काठी प्रत्येकाला देत होते. आईची गेल्या रविवारची काठीही त्यांनी जपून ठेवली होती. मी जवळ गेले. म्हटलं, ‘काका, त्या दिवशी घरी मी तुम्हाला जे बोलले...’

‘बरोबर बोलली होतीस,’ ते म्हणाले. ‘बाकं मोजत होतो मी. माणसं नव्हतो मोजत.’

मग मी भांडल्यासारखं म्हणाले, ‘आणि आज काय केलंत? शेवटी दोन असतात ना? एक आपण स्वतः.’

ते थांबले. त्यांचे ओठ हलायला लागले. खुर्ची, बाकं, ऑर्गनवाली बाई, सगळं मनात पुन्हा मोजून झालं. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

‘लिंबाखाली कुणी नाही, हे बघितलं गं,’ ते म्हणाले, ‘आणि आनंदाच्या भरात शेवटचे दोन्ही सोडून दिले.’

कोटाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले, मागे वळून बघितलं, आणि मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, ‘सूर्यकांतला सांगू नकोस हं.’